सक्तीचे एक अक्षर

मुळशी तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी आहे आणि पश्चिमेला धरणाचा जलाशय व ताम्हिणीचा घाट. हिंजवडीच्या कचेऱ्यांतून निकाली निघालेले संगणक कधी कधी याच तालुक्यातल्या शाळांमध्ये येऊन पोहोचतात. जलाशयाच्या काठच्या अशा एका शाळेत २०१९ च्या उन्हाळी सुटीत एक लहानसा अपघात घडला. त्यात कुणाला इजा झाली नाही, काही जळले नाही, मोडले नाही. संगणक पूर्वीसारखाच चालू राहिला. मात्र त्यातली माहिती गेली. ती घालवण्यात माझा वाटा होता, म्हणून हा लेख.

शाळेतले विज्ञानाचे सर हौशी आणि चिकाटीचे. मुलांकडून रोज सकाळी पर्जन्यमापकाची नोंद करवून घेण्याचा त्यांचा उपक्रम आठ वर्षे चालू होता. पावसाळ्यात घाटमाथ्याच्या या पट्ट्यात एका दिवसाचा पाऊस कुठवर जातो, हे त्या मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले ठाऊक होते. शिवाय मुलांनी गावातल्या तीन वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या होत्या: जात्यावरच्या ओव्या, जुन्या पेरणीच्या पद्धती, धरणात गेलेल्या गावांबद्दल वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी. हे सारे एका जुन्या संगणकाच्या ‘डी ड्राइव्ह’वर होते. “एकच डिस्क आहे आणि तीही म्हातारी. काही उपाय करा,” असे सरांनी मला सांगितले.

शाळेकडे दुसरी एक जुनी हार्ड डिस्क होती. दोन्हींमधली मोकळी जागा जोडून एक आरसा-जोडी करावी, म्हणजे प्रत्येक फाइल दोन्हीकडे लिहिली जाईल आणि एक डिस्क गेली तरी दुसरी राहील, असा बेत ठरला. माझ्या प्रयोगशाळेत हीच व्यवस्था कैक वर्षे चालू आहे. मी एका कागदावर पाच आज्ञा लिहून दिल्या. तिसऱ्या आज्ञेत एक आडवी रेघ आणि ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांचा फोन आला, “सर, साठा तयार झाला, चांगला चालतोय. पण डी ड्राइव्ह कुठे दिसत नाही.”

पुस्तकांचे परीक्षण होते, शैक्षणिक साधनांचे होते. संगणकाच्या आज्ञेचे सहसा होत नाही. वास्तविक आज्ञा हाही कुणी तरी विचार करून लिहिलेला मजकूर असतो. ती कोणते प्रश्न विचारते, कोणत्या शब्दांत विचारते आणि कुठे गप्प बसते, यावर माणसांचे नफेनुकसान ठरते. म्हणून येथे ‘झेडएफएस’ या साठा-व्यवस्थेतल्या, नवा साठा तयार करणाऱ्या आज्ञेचे परीक्षण करायचे आहे. तिच्याबरोबर माझ्या त्या कागदाचेही.

सामाईक साठा म्हणजे काय?

इंग्रजीत याला ‘पूल’ म्हणतात. नदीवरच्या पुलाशी त्याचा संबंध नाही. येथे अर्थ आहे सामाईक साठा. पूर्वी प्रत्येक डिस्कचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाचा वेगळा कप्पा वापरायचा, अशी रीत होती. एक कप्पा भरला आणि शेजारचा रिकामा असला तरी उपयोग नसे. १९९८ मध्ये लिनक्ससाठी ‘एलव्हीएम’ आले. त्यात अनेक डिस्कांची किंवा विभागांची जागा एकत्र करून तिचे हवे तसे वाटप करता येऊ लागले. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आहरेन्स यांनी २००१ मध्ये झेडएफएसचे काम सुरू केले आणि २००५ मध्ये त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. विंडोजमध्ये २०१२ साली ‘स्टोरेज स्पेसेस’ आले.

यांपैकी झेडएफएसचे गुण आधी सांगितले पाहिजेत, नाहीतर परीक्षण एकांगी होईल. लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज ही व्यवस्था वेगळी जपून ठेवते. वाचताना बेरीज जुळली नाही, तर आरसा-जोडीतल्या दुसऱ्या प्रतीवरून चूक दुरुस्त करते. जुन्या मजकुरावर थेट न लिहिता नवा मजकूर वेगळ्या जागी लिहिते आणि मग खूण बदलते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी साठा अर्धवट अवस्थेत सापडत नाही. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत हा गुण मोठाच म्हणायचा. साठ्यातला एकही अंक बदलू नये म्हणून इतकी काळजी घेणारी व्यवस्था क्वचितच आढळेल. ही सगळी काळजी साठा तयार झाल्यानंतरची आहे. त्याच जागेवर आधी जे होते, त्याचा विचार ती कसा करते, हा आपला प्रश्न.

नकाशा, उतारा आणि शेत

त्यासाठी डिस्कवर माहिती कशी असते ते पाहू. खेड्यातल्या मुलांना हे जमिनीच्या उदाहरणाने चटकन समजते.

गावाचा एक नकाशा असतो, त्यात गटांच्या सीमा आणि क्रमांक असतात. प्रत्येक गटाचा सात-बाराचा उतारा असतो. आणि प्रत्यक्ष शेत असते, ज्यात भात उभा असतो. डिस्कवरही या तिन्ही गोष्टी आहेत. विभाग-तक्ता हा नकाशा. जुन्या पद्धतीत तो डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांमध्ये असतो आणि त्यातल्या फक्त ६४ बाइटांत चार विभागांच्या सीमा लिहिलेल्या असतात. नव्या पद्धतीत तो मोठा असतो आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. प्रत्येक विभागाच्या आत फाइल-व्यवस्थेच्या नोंदी असतात: कोणती फाइल, कोणत्या नावाची, कुठे सुरू होते. हा सात-बारा. आणि फाइलींचा खरा मजकूर म्हणजे शेत.

नकाशा फाडला किंवा उतारा जाळला म्हणून शेतातला भात नाहीसा होत नाही. झेडएफएस एखादा विभाग ताब्यात घेते, तेव्हा त्यावर आपल्या चार ओळखपट्ट्या लिहिते, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी. प्रत्येक पट्टी २५६ किलोबाइटांची, म्हणजे चारही मिळून एक मेगाबाइट. शिवाय थोड्या प्रारंभिक नोंदी. शाळेतला तो विभाग सुमारे १५० गिगाबाइटांचा होता. ओळखपट्ट्यांनी त्याचा जेमतेम दीड लाखावा हिस्सा व्यापला. त्या क्षणी जवळजवळ सारी माहिती जागेवर होती. फक्त ती कुणाची, कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे सांगणाऱ्या नोंदींवर संगणकाचा विश्वास उरला नव्हता.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: चूक लक्षात येताच संगणक बंद केला आणि त्या डिस्कवर एक अक्षरही लिहिले नाही, तर बरेच काही परत मिळू शकते. दुसरी: नवा साठा ‘चांगला चालतोय’ म्हणून त्यात फाइली भरत गेलो, तर आपणच उभ्या भातावर नांगर फिरवत असतो. सरांनी आनंदाने शाळेची चाळीस गिगाबाइट छायाचित्रे नव्या साठ्यात भरली होती.

हे झाले फिरत्या चकतीच्या डिस्कचे. नव्या एसएसडी प्रकारात इतकाही दिलासा गृहीत धरता येत नाही. लिनक्समध्ये ‘एक्स्ट फोर’ फाइल-व्यवस्था घालणारी आज्ञा तर नेहमीच्या पद्धतीनुसार एसएसडीला सांगूनच टाकते की, इथला जुना मजकूर आता नको. त्यानंतर शेत शोधायला जागाच राहत नाही.

आज्ञा काय विचारते?

आता मूळ आज्ञा. ज्या विभागावर आधीच काही फाइल-व्यवस्था आहे, तो विभाग तिला दिला तर ती काम करायला नकार देते. पडद्यावर साधारण असा मजकूर येतो: दिलेला तपशील वैध नाही, पुढील चुका बाजूला सारायच्या असतील तर ‘एफ’ वापरा, अमुक विभागावर अमुक प्रकारची फाइल-व्यवस्था आहे. नकार देणे योग्यच. पण शब्दांचा क्रम पाहा. तोडगा आधी सांगितला आहे आणि कारण नंतर. ज्याला काम उरकायचे आहे, तो पहिल्या दोन ओळीच वाचतो.

दुसरे असे की, ‘फाइल-व्यवस्था आहे’ हे वाक्य यंत्राच्या बाजूचे आहे. तुमच्या फाइली जातील, असे त्यात कुठेही नाही. जाणकाराला ते ध्वनित होते, पण ज्याला ध्वनित होते त्याला इशाऱ्याची गरज कमी असते. आज्ञेच्या माहितीपुस्तिकेतही हाच सूर आहे. विभागावर जुनी फाइल-व्यवस्था असणे हा तेथे त्या जागेचा एक ‘वापर’ मानला आहे आणि काही वापर सक्तीने बाजूला सारता येतात, असे म्हटले आहे. बाजूला सारल्यावर आतल्या मजकुराचे काय होते, ते वाचकाने ओळखायचे.

तिसरा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. ‘एफ’ म्हणजे ‘फोर्स’, सक्ती. हे एकच अक्षर अगदी वेगवेगळ्या आक्षेपांना गप्प करते. आरसा-जोडीतल्या दोन विभागांचे आकार सारखे नसले, तरी आज्ञा अडते आणि ‘एफ’ मागते. विभागावर जुनी फाइल-व्यवस्था असली, तरी अडते आणि तेच ‘एफ’ मागते. पहिला आक्षेप किरकोळ आहे. फार तर थोडी जागा वाया जाईल. दुसरा आक्षेप आठ वर्षांच्या पावसाचा आहे. दोन्ही कुलपांना एकच किल्ली!

शाळेत नेमके हेच झाले. दोन डिस्कांवरच्या विभागांचे आकार वेगळे होते, म्हणून ‘एफ’ लागणार हे मला ठाऊक होते. प्रयोगशाळेत कोऱ्या पण असमान डिस्कांवर मी ते नेहमीच लिहितो. आज्ञा अडून सरांचा गोंधळ उडू नये, म्हणून मी ते अक्षर आधीच कागदावर लिहून ठेवले. त्यामुळे दुसरा आक्षेप घ्यायला आज्ञेला तोंडच उरले नाही.

आणि विभाग चुकला कसा? सरांनी फोनवर विंडोजमधले चित्र पाहून सांगितले होते की, डावीकडून तिसरा विभाग मोकळा आहे. मी कागदावर ‘तिसरा’ लिहिला. पण विभागांचे क्रमांक डावीकडून उजवीकडे असतातच असे नाही. ते विभाग कधी पाडला त्यावर ठरतात. आधीच्या मालकाने दुसरा विभाग आकसून मधल्या जागेत नवा विभाग पाडला होता, त्याला क्रमांक मिळाला चौथा. तिसऱ्या क्रमांकाचा विभाग होता डी ड्राइव्ह. गावच्या नकाशातही पोटहिस्से पडले की शेजारच्या शेतांचे क्रमांक ओळीने येत नाहीत, हे मुळशीत राहणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही.

अशीच आणखी एक जागा निसरडी आहे. लिनक्समध्ये डिस्कच्या नावापुढे विभागाचा अंक लिहितात. तो अंक लिहायचा राहिला, तर झेडएफएस त्याचा अर्थ ‘अख्खी डिस्क’ असा घेते आणि डिस्कवर स्वतःचा नवा विभाग-तक्ता लिहिते. एक अंक राहिला की एका शेताऐवजी सारा गाव. शिवाय डिस्कांची छोटी नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. काल जी पहिली होती ती आज दुसरी असू शकते. म्हणून डिस्कचा कारखान्यातला अनुक्रमांक ज्यात असतो, ते लांबलचक नाव वापरणेच इष्ट.

इतर आज्ञांशी तुलना

सगळ्याच आज्ञा सारख्या नाहीत. एलव्हीएमची आज्ञा विभागावर जुनी खूण आढळली, तर ती कोणती आणि कितव्या बाइटावर आहे ते सांगून ‘पुसू का?’ असे विचारते. प्रश्न सरळ आहे, पण पुसायचे म्हणते ते खुणेला. मजकुराचा उल्लेख येथेही नाही. ‘बीटीआरएफएस’ची आज्ञा झेडएफएससारखीच ‘एफ’ मागते. विंडोजचे स्टोरेज स्पेसेस जाणकारांच्या चेष्टेचा विषय असते. ते विभाग घेत नाही, अख्खी डिस्क घेते. पण तिथला इशारा मात्र स्वच्छ आहे: निवडलेल्या डिस्कवरची माहिती कायमची जाईल आणि ती रीसायकल बिनमधूनही मिळणार नाही. सामान्य माणसाला जे गमवायचे आहे, त्याचे नाव येथे घेतले आहे.

सर्वांत चांगला नमुना मला ‘क्रिप्टसेटअप’मध्ये दिसतो. विभागावर कुलूपबंद सांकेतिक साठा तयार करणारी ही आज्ञा सांगते की, अमुक विभागावरची माहिती परत न मिळण्याजोगी पुसली जाईल. खात्री असेल तर ‘यस’ हा शब्द मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहा. नुसते एंटर दाबून भागत नाही. हात थांबतो आणि त्या दोन क्षणांत डोके चालते.

आणखी एक उदाहरण वेगळ्या दिशेचे. बीटीआरएफएसबरोबर एक रूपांतर करणारी आज्ञा येते. ती जुन्या एक्स्ट प्रकारच्या फाइल-व्यवस्थेतला मजकूर जागच्या जागी ठेवते, मोकळ्या जागेत आपल्या नव्या नोंदी लिहिते आणि जुनी व्यवस्था पूर्ण रूपात एका बाजूला जपते. पसंत पडले नाही तर परतही जाता येते. तरीही आधी प्रत काढावीच. पण जुन्या रहिवाशाला न उठवता नवी व्यवस्था आणणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, एवढे यावरून दिसते.

यावर तज्ज्ञांचा एक आक्षेप असतो: ही साधने जाणकार व्यवस्थापकांसाठी आहेत, प्रत्येक पावलावर इशारे दिले तर लोक न वाचताच ‘हो’ म्हणायला शिकतात. आक्षेपात तथ्य आहे. पण तो एकाच किल्लीच्या विरोधात जातो, बाजूने नव्हे. किरकोळ आणि गंभीर आक्षेपांना एकच अक्षर ठेवले, की किरकोळ कारणासाठी ते लिहिण्याची सवय जडते आणि गंभीर प्रसंगी हात आपोआप तेच लिहितो. इशारे कमी असावेत हे मान्य. मग जे उरतील ते वेगळे तरी असावेत. शिवाय जाणकारांसाठी केलेली साधने आता विनामूल्य मिळतात आणि निकाली निघालेल्या संगणकांबरोबर शाळांत येतात. वापरणारा बदलला की साधनाची जबाबदारीही बदलते.

मोकळे कशाला म्हणायचे?

ज्या गावी हे घडले, तिथे साठा हा शब्द साधा नाही. टाटा पॉवर कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात येथे मुळशीचा सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. पाण्याचा एक मोठा सामाईक साठा करायचा होता आणि तो वस्ती व भातखाचरे असलेल्या खोऱ्यावर व्हायचा होता. जमिनीच्या कागदांवर बऱ्याच ठिकाणी पुण्याच्या सावकारांची नावे होती. त्यांना मोबदला घेऊन मोकळे होणे सोयीचे होते. कसणाऱ्या मावळ्याचे सारे आयुष्य त्या जमिनीत असे, पण कागद त्याच्या बाजूने बोलत नसे.

माणसांचे विस्थापन आणि फाइलींचा नाश यांची बरोबरी मी करत नाही. पण कागदावरून जागेबद्दल ठरवण्याची रीत दोन्हीकडे ओळखीची आहे. साठा करणारी आज्ञा विभागात फक्त ओळखीच्या खुणा शोधते. खूण सापडली तर अडते; नाही सापडली तर जागा मोकळी समजते. एखाद्या विभागाच्या सुरुवातीच्या नोंदी खराब झाल्या असतील, किंवा कुणी सांकेतिक रूपात खूण न ठेवता माहिती लिहिली असेल, तर आज्ञेच्या दृष्टीने ती कोरी जमीन. इशारा आला नाही म्हणजे आत काही नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नये.

माझ्या कागदातल्या चुका, आणि योग्य क्रम

माझा कागद आज माझ्यासमोर आहे. परीक्षक म्हणून मी त्याला उत्तीर्ण करणार नाही. त्यात काय करायचे ते होते. का करायचे ते नव्हते. अक्षरे होती, अर्थ नव्हते. कुठे थांबून पाहायचे, ते नव्हते. न पाहिलेल्या संगणकासाठी मी क्रमांक लिहून दिला होता. आपण वर्गात ज्याला ‘उत्तर पाठ करून घेणे’ म्हणतो, तेच मी एका शिक्षकाकडून करून घेतले. तो कागद पुन्हा लिहायचा तर असा लिहीन.

आधी प्रत. ज्या डिस्कला हात लावायचा आहे, तिच्यावरच्या सर्व महत्त्वाच्या फाइली तिसऱ्याच एका डिस्कवर उतरवाव्यात. प्रती तीन, माध्यमे दोन प्रकारची, एक प्रत दुसऱ्या गावी, हा पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम शाळेलाही लागू आहे. प्रत उघडून पाहावी. जमल्यास पडताळणी-बेरजा जुळवाव्यात. मग ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेलीच नसलेली डिस्क चुकीच्या आज्ञेने पुसली जात नाही.

नंतर ओळख. सर्व डिस्क, त्यांचे विभाग, आकार, फाइल-व्यवस्था आणि अनुक्रमांक दाखवणारी यादी काढून कागदावर उतरवावी. लिनक्समध्ये ‘एलएसबीएलके’ हे काम करते. ‘वाइपएफएस’ नावाची आज्ञा नावाने भयंकर असली, तरी कोणताही पर्याय न देता चालवली तर फक्त खुणांची यादी दाखवते. (तिलाच पुसण्याचा पर्याय दिला की मात्र ती नावाला जागते.) मोकळा वाटणारा विभाग ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडून खरोखर मोकळा आहे का ते डोळ्यांनी पाहावे. विभाग-तक्त्याचीही प्रत काढून ठेवावी. ती अगदी लहान असते.

नंतर तालीम. झेडएफएसच्या आज्ञेला ‘एन’ हे अक्षर दिले, तर ती साठा तयार न करता फक्त कसा होईल ते दाखवते. ही तालीम ‘एफ’शिवाय करावी, म्हणजे तिचे सगळे आक्षेप समोर येतात. एकेक आक्षेप वाचून त्याचे कारण कागदावर लिहावे. प्रत्येकाचे समाधान झाल्यावरच, आणि गरज असेल तरच, सक्तीचे अक्षर वापरावे. ते दुसऱ्याच्या कागदावरून उतरवून घेऊ नये आणि दुसऱ्याला लिहूनही देऊ नये.

शेवटी एक साधा विचार. एकाच डिस्कच्या दोन विभागांची आरसा-जोडी केली, तर डिस्क बिघडल्यावर दोन्ही प्रती एकदमच जातात. दोन डिस्कांची जागा आरशाविना नुसती जोडली, तर कोणतीही एक गेली तरी सगळा साठा जातो. आणि आरसा असला तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. आरसा हा प्रतीला पर्याय नाही. शाळेला खरे तर साठ्याची गरज नव्हती. एका बाहेरच्या डिस्कची आणि महिन्यातून एकदा प्रत काढण्याच्या शिस्तीची होती. विद्वान माणसाला साधा उपाय लवकर सुचत नाही, हेही या निमित्ताने मला कळले.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. चौकटीच्या वहीच्या पानावर दहा बाय दहा चौकटी आखा. वरची ओळ नोंदींसाठी. उरलेल्या नव्वद चौकटींत तीन छोटे निरोप लिहा, एका चौकटीत एक अक्षर. पण सलग नको, तुकडे करून इकडेतिकडे. कोणत्या निरोपाचा कोणता तुकडा कुठे आहे, ते वरच्या ओळीत लिहा. आता फक्त वरची ओळ खोडून पान दुसऱ्या गटाला द्या. त्यांना किती निरोप जुळवता येतात? मग पहिल्या चौकटीपासून तीस अक्षरांचा नवा मजकूर जुन्या अक्षरांवर लिहा आणि पुन्हा तोच प्रश्न विचारा. नोंद जाणे आणि मजकूर जाणे यांतला फरक मुलांना पाच मिनिटांत कळतो. वरच्या वर्गातल्या मुलांना पुढचा प्रश्न द्या: ही ओळ खोडण्यापूर्वी तुम्ही समोरच्याला कोणत्या शब्दांत सावध कराल? आलेली वाक्ये फळ्यावर लिहून त्यांची तुलना करा. तेही आज्ञेचे परीक्षणच.

शाळेतल्या माहितीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. डिस्क मी पुण्याला आणली आणि नोंदींवाचून केवळ मजकुराच्या ठेवणीवरून फाइली ओळखणारी एक आज्ञावली तिच्यावर चालवली. शेकडो फाइली निघाल्या, सगळ्या बिननावाच्या. पावसाची सहा वर्षे जुन्या कागदी वहीवरून मुलांनी पुन्हा भरली. शेवटची दोन वर्षे थेट संगणकातच लिहिली होती, ती गेली. ध्वनिमुद्रणांचे तुकडे मिळाले. तीन वृद्धांपैकी दोघांनी पुन्हा बोलायला आनंदाने होकार दिला. तिसऱ्या आजी तोवर वारल्या होत्या. त्यांच्या एका ओवीचा पहिला अर्धा भाग आता शाळेत तीन ठिकाणी जपून ठेवला आहे आणि पावसाची नोंद मुले पुन्हा आधी वहीत करतात.